पहिले पाच वेल

मोठाईने पान तोडले नाही. वेलावरच ते उलटे केले, उन्हासमोर धरले आणि म्हणाली, “इकडं ये, गुनवंता. हे पाहाय. काय दिसते तुले याच्यात?”

मी वाळूत गुडघे टेकले. तळहाताएवढ्या त्या पानातला हिरवा रंग फाटला होता. कुठे तो गर्द होऊन फोडासारखा वर उचलला होता, कुठे फिकट होऊन खाली बसला होता. पाणी उतरताना नदीत वाळूची बेटे उघडी पडावीत, तसे. त्या काळी असे काही सुचले की मी आधी ते मनात घोळवत असे. समोर काय घडले आहे याकडे नंतर वळत असे.

“नदीसारखं दिसते,” मी म्हणालो.

“नदी दिसते म्हने.” तिने पान सोडून दिले. “उद्या माह्या पोटात दुखलं त तुले त्याच्यात समुद्र दिसन. पान आजारी हाये, लेका.”

ती आणखी काही विचारील असे मला वाटले. तिने विचारले नाही. माझ्या चेहऱ्याकडे थोडा वेळ पाहत राहिली आणि मग लुगड्याचा काठ सावरत पुढच्या वेलाकडे सरकली.

आम्ही भोई. पावसाळ्यात वर्धा नदीत जाळे टाकायचे आणि दिवाळीनंतर पाणी ओसरले की पात्रातल्या उघड्या वाळूत वाड्या करायच्या, हा आमचा वर्षाचा क्रम. वाळूत हातभर खोल चर खणायचे, त्यात शेणखत भरायचे आणि टरबूज, काकडी, डांगर लावायचे. डांगर म्हणजे आमच्याकडचे खरबूज. मे संपेपर्यंत हे हिरवे गाव नदीच्या अंगावर नांदते; मग एका रात्रीत पूर येतो आणि पाटी पुसावी तसे ते पुसून टाकतो. त्या साली नऊ वाड्या होत्या. वरच्या अंगाची वाळू आधी सुकते, म्हणून सर्वांत वरची, आमची वाडी डिसेंबरच्या आरंभीच लागली होती. सर्वांत खालच्या दोन, दौलतभाऊची आणि शेषरावभाऊची, महिनाभर मागे होत्या.

मोठाई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. नाव अनुसया. वडील शहरात गिरणीत होते, पण मी वाढलो तिच्यापाशी. मी कृषी महाविद्यालयात चार वर्षे काढून नुकताच परतलो होतो. तिथल्या ग्रंथालयात मी शेतीच्या कपाटापाशी कमी आणि कवितेच्या कपाटापाशी अधिक दिसे. परतताना तिच्यासाठी मी दोन गोष्टी आणल्या: एक शाल आणि डांगराच्या बियांची एक पुडी. कॉलेजात खाल्लेल्या एका सोनेरी सालीच्या फळाच्या त्या बिया होत्या. रविवारच्या पुरवणीच्या कागदात गुंडाळलेल्या. “आपल्या गुनवंताचं बी,” असे म्हणत मोठाईने त्या बिया वाडीच्या अगदी मथळ्याला, वरच्या कोपऱ्यात लावल्या होत्या. मानाची जागा तीच.

ती मानाची कशी, हे सांगायला हवे. वेल चार-पाच पानांचा झाला की त्याचा शेंडा खुडतात. शेंडा गेला की वेल बाजूंनी फुटतो आणि फळ धरतो. आमच्याकडे ही खुडणी कोणीही सुरू करत नसे. प्रत्येक वाडीच्या वरच्या कोपऱ्यातले पहिले पाच वेल मोठाईने खुडायचे; उरलेली वाडी मग मालकाने. आधी आमची, मग दुसरी, तिसरी, अशी ती प्रवाहाच्या दिशेने खाली जाई. तिच्या हाताला गुण आहे, असे सगळी वस्ती मानत असे. विळा नाही, कात्री नाही. उजव्या अंगठ्याचे नख ती त्यासाठी वाढवी आणि हिवाळाभर ते हिरवे असे. शेंडा दोन बोटांत धरायचा, नख टेकवायचे, श्वासभर थांबायचे. “शेंड्याले समजलं नाही पाहिजे,” ती म्हणे.

तिचा नवरा, आमचे मोठे बाबा, पुरात गेले तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. तेव्हापासून हळदीला, ओटीला, नव्या डोंग्याच्या पूजेला ती मागे उभी राहत आली. तिला कोणी मागे सारत नसे. ती उभी राहण्याची जागा सगळ्यांना, तिलाही, पाठ होती. फक्त खुडणीच्या दिवसांत वस्तीतल्या सवाष्णी तिच्या झोपडीपुढे येऊन “चला बाई” म्हणत आणि ती पुढे, बाकीच्या मागे, अशी ओळ वाळूतून चालू लागे. त्या दिवसांत तिची पावलेसुद्धा निराळी उमटत.

त्या शनिवारी सकाळी आम्ही दोघे खुडणी झालेल्या सातही वाड्यांतून फिरलो. पाण्याची घागर घेऊन शेषरावभाऊ आमच्या मागून येत होता. तो गंभीर राहू शकत नसे. मयतीलासुद्धा त्याला लांब बसवत.

“लुगड्याचं कापड छापावं तसे पानं छापून आले, बाई,” तो म्हणाला. “माह्या वाडीत पाहान त एकही नाही. माहे वेल अजून अडानी हायेत. हे बाकीचे शिकलेले दिसतात.”

“तुह्यं तोंड छापलं पाहिजे एकदा,” मोठाई म्हणाली.

मी हसलो, पण माझे लक्ष दुसरीकडे होते. प्रत्येक वाडीत वरच्या कोपऱ्यातले पाच वेल सर्वांत आजारी होते. तिथून ओळीने पुढे जावे तसा रोग विरळ होत जाई. कोणीतरी त्या कोपऱ्यातून आत शिरून, हळू आवाजात काही सांगत पुढे गेले असावे आणि दूरच्या वेलांपर्यंत ते अर्धेच ऐकू गेले असावे. मी खिशातल्या वहीत सात चौकोन काढले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पाच ठिपके दिले.

शेवटी दौलतभाऊ भेटला. वाड्यांचा कारभार तोच पाहत असे. त्याला धुक्याचा संशय होता.

“आठ दिवस धुकं पडलं, त्यानं झालं,” तो म्हणाला. “ऊन तापलं का पानं सुधरतीन. परवा सोमवारी आपल्या दोन वाड्यांची खुडनी उरकून घेऊ. बाई, तुमी येसान नं?”

“न येऊन कुठं जाईन?” मोठाई म्हणाली आणि अंगठ्याच्या नखाकडे पाहून किंचित हसली.

मी दुपारच्या बसने शहर गाठले. डब्यात ओल्या फडक्यावर आजारी पाने होती.

*

कुलट मॅडमनी पान ठेचून द्रावणात घातले, त्यात कागदाची एक अरुंद पट्टी उभी केली आणि घड्याळाकडे पाहिले. त्या वनस्पतींचे रोग शिकवत. वर्गात मी मागच्या बाकावर मांडीवर कवितांचे पुस्तक ठेवून बसतो, हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते कधी मला जाणवू दिले नव्हते.

“एक रेघ आली तर पट्टी चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “दुसरीही आली तर पान वाईट आहे.”

दुसरी रेघ फार सावकाश आली, पण आली.

“मोझॅक,” मॅडम म्हणाल्या. “काकडीवर्गातला हिरव्या ठिपक्यांचा विषाणू. डांगर, टरबूज, दुधी, कशालाही लागतो. पसरायला याला मावा कीड लागत नाही, वारा लागत नाही. वेलाच्या रसातून जातो. आजारी वेलाला हात लावायचा, तोच निरोगी वेलाला लावायचा, की झालं काम. नख, विळा, बाही, काहीही चालतं. तुमच्याकडे शेंडे कोण खुडतं?”

“घरचीच माणसं.”

“सगळीकडे एकच हात?”

मी वही पुढे केली. त्यांनी चौकोनांतल्या पाच-पाच ठिपक्यांवरून पेन्सिल फिरवली. एक रेघ पहिल्या चौकोनातून निघून सातव्यापर्यंत खाली उतरली.

“हे तू काढलंस?” त्या म्हणाल्या. “चार वर्षांत एवढं नीटनेटकं काही दिलं नव्हतंस मला.” मग पेन्सिल पहिल्या चौकोनावर परत आणून त्यांनी विचारले, “आणि इथे कुठून आला? पहिल्यांदा तो बियाण्यातून येतो, गुणवंत. या भागात आमच्या चाचणीच्या वाफ्याबाहेर मी तो पाहिलेला नाही. बियाणं कुठलं होतं?”

“घरचंच,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. पेन्सिल खाली ठेवली. मग, जणू मी काही बोललोच नव्हतो अशा आवाजात, त्या काय करायचे ते सांगू लागल्या. आजारी वेल मुळासकट काढायचे, त्यांच्या शेजारचेही. काठावर नेऊन जाळायचे. नदीत सोडायचे नाहीत, गुरांना घालायचे नाहीत. ज्या दोन वाड्यांना तो हात लागलेला नाही, तिथे तो जाऊ द्यायचा नाही. आणि शेंडे खुडताना वेलागणिक बोटे दुधात बुडवायची.

“दुधात?”

“बिनसायीच्या. दुधातलं प्रथिन विषाणूला वेढून घेतं.” त्या पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकत म्हणाल्या, “मातीतही राहतो हा. तुमचं एक बरं आहे. तुमची माती दरवर्षी वाहून जाते.”

संध्याकाळची बस मी जाऊ दिली. वसतिगृहात एका मित्राच्या खोलीवर पडून राहिलो. मला जे सांगायचे होते ते एका ओळीचे होते: रोग हाताने पसरला. प्रयोगशाळेत ही ओळ पाण्यासारखी निर्मळ होती. आमच्या वाळूत ती तशी राहणार नव्हती. तिथे हात म्हणजे कातडी आणि नख नव्हते. तिथे हात म्हणजे कपाळ होते. अनुसयाबाईच्या हाताने रोग आला, एवढेच लोक ऐकणार, आणि पंचवीस वर्षे तिच्या उपयोगी पडलेला तो हात एका सकाळीत विधवेचा हात होणार. आणि मी गप्प राहिलो, तर सोमवारी ती खालच्या दोन वाड्यांत शिरणार.

या ओळीच्या मागे आणखी एक ओळ होती. ती मी त्या रात्री मनातही पुरी केली नाही.

*

रविवारी दुपारी मी पोचलो तेव्हा मोठाई झोपडीच्या सावलीत बसून चपट्या गोट्यावर नख घासत होती. शेजारी काशाच्या वाटीत खोबरेल होते. खुडणीच्या आदल्या दिवशी ती हाताला काम लावत नसे, स्वयंपाकही कालचाच.

“आला? भाकर झाकून ठेवली हाये. काय म्हने तुही बाई?”

“मोठाई, उद्या खुडनी नोको.”

“काहून?”

“उद्या अमावस्या लागते.”

तिने गोटा थांबवला. “अमावस्या होऊन पाच रोज झाले. अन् तू कवापासून पाहू लागला अमावस्या? गनपतीले हात जोड म्हटलं त तुह्या हाताले मुंग्या येत होत्या.”

मी वाळूत बसलो. मग सगळे सांगितले. पट्टी, रेघ, रस, नख, पाच-पाच ठिपके. वही उघडून दाखवली. तिला वाचता येत नव्हते, पण नकाशा तिने बोट न लावता, नुसत्या नजरेने, वरून खाली वाचला. प्रत्येक चौकोनापाशी ती थांबे आणि मालकाचे नाव पुटपुटे.

“म्हनजे मी चालत गेली,” ती म्हणाली, “अन् तो माह्या संगं चालत गेला.”

“कोनाच्याही हातानं गेला असता. तुह्या हाताचा दोष नाही.”

“हात माहा होता नं पन.” तिने उजवा हात उताणा करून मांडीवर ठेवला. तेलाने तो चमकत होता. एखादे मूल झोपले असावे तसा तिने तो ठेवला होता. पलीकडे वाळवंटात टिटवी ओरडत होती.

“माह्या हातात कोनाच्या वेलातून आला?” तिने विचारले.

“ते सांगता येत नाही.”

“तुह्या बाईलेही नाही?”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली. काशाची वाटी उचलून तिने त्यातले तेल पुन्हा बाटलीत ओतले, थेंब न सांडता, आणि बूच लावले. “जेव आता. उद्या मीच सांगतो. तू नुसता बाजूले राह्य. काय करा लागते ते तेवढं तू सांग.”

“लोक काहीही म्हनतीन, मोठाई.”

“काहीही नाही म्हननार. काय म्हनतीन ते मले पाठ हाये.”

*

सोमवारी उन्हे वर आली तशी सगळी माणसे दौलतभाऊच्या वाडीपाशी जमली. नारळ, गूळ, हळदीकुंकवाचे ताट. दौलतभाऊची आई भागामाय बाजेवर बसवून आणली होती; तिला चालवत नसे, पण खुडणी चुकवत नसे. सवाष्णी “चला बाई” म्हणायला आमच्या झोपडीकडे निघणार, तेवढ्यात मोठाई आपणहून येताना दिसली. माझ्या पुढे, सवाष्णींवाचून. वाडीची हद्द दाखवणाऱ्या तुराट्यांच्या कुडाशी ती थांबली. आत पाऊल टाकले नाही.

“या नं बाई,” दौलतभाऊ म्हणाला.

“नाही येत, दौलत. रोग माह्या हातानं गेला सात वाड्यांत. पोरगं पानं तपासून आलं.”

तिने हे इतक्या साध्या आवाजात सांगितले की पहिल्यांदा कोणाला ते समजलेच नाही. मग मी बोललो. विषाणू काय, रस काय, तो कोणाच्याही नखाखाली कसा बसू शकतो. मी चांगले बोललो. उदाहरणे दिली, शब्द तोलून वापरले. बोलता बोलता मला दिसत होते की माझी वाक्ये वाळूवर टाकलेल्या पाण्यासारखी जिरत आहेत आणि वर फक्त एक शब्द उरतो आहे: हात.

“मी त कवाची म्हनत होती,” बाजेवरून भागामाय म्हणाली. “पांढऱ्या कपाळाचा हात. आज ना उद्या उतरनारच होता.”

“माय, चूप बस,” दौलतभाऊ म्हणाला.

“कोनाच्याही हातानं गेला असता, भागामाय,” मी म्हणालो.

“गेला त नाही नं कोनाच्या.”

शेषरावभाऊ कुडाची एक तुराटी मोडून तिचे बारीक तुकडे करत होता. दौलतभाऊने टोपी काढून कपाळ पुसले. तो वाईट माणूस नव्हता. त्याला गोष्ट मुळापासून समजून घ्यायची होती.

“ते सगयं खरं, गुनवंत,” तो म्हणाला. “पन पह्यल्यांदा बाईच्या हातात आला कोठून? काही त असन नं?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मोठाईनेही. तिच्या नजरेत राग नव्हता, विनवणी नव्हती. आदल्या शनिवारी पान उन्हासमोर धरून तिने मला विचारले होते, ‘काय दिसते तुले याच्यात?’, तशीच ती नजर होती. ती थांबली होती. पायातला काटा काढायला लागतो तेवढा वेळ थांबली असेल. उत्तर माझ्या जिभेवर होते, तीन शब्दांचे. मी पायाखालच्या वाळूकडे पाहिले.

“हाताले नसते समजत, कोठून आला ते,” मोठाई म्हणाली. “माह्या हातात आला, एवढं खरं. आता मी सांगतो ते आयका. पोरगं शिकून आलं हाये. तो म्हनते तसं करा. या दोन वाड्यांत ज्याच्या त्याच्या हातानं खुडा, दूध लावून. अन् सात वाड्यांतले आजारी वेल आजपासून काढा. माह्यापासून सुरुवात.”

मग तिने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि आल्या वाटेने परत फिरली. तिच्या मागे कोणी चालले नाही.

पितळी गंजात दूध आले. दौलतभाऊने माझ्याकडे पाहत, अवघडून, बोटे बुडवली आणि पहिला शेंडा खुडला. ताटातले हळदीकुंकू तसेच राहिले.

*

वेल काढायला तीन दिवस लागले. भारे बांधून आम्ही काठावर नेत होतो आणि तिथे ते ओले, धुरकट जळत होते. आमच्या वाडीत आम्ही दोघेच होतो. मोठाई खालून वर येत गेली. ओळीमागून ओळ संपली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मथळ्याचे पाच वेल उरले. सोनेरी डांगराचे. त्यांना लिंबाएवढी फळे धरली होती.

ती त्यांच्यापाशी बसली.

“शनिवारी पानं पाहायच्या आधी,” ती म्हणाली, “चार-पाच रोज आधी, मी पह्यलं पान याच वेलावर पाहिलं. बाकी साऱ्या वाडीत तवा एकही नव्हतं. म्हनून तुले इथंच आनून दाखोलं.”

मी एका फळावरची वाळू अंगठ्याने पुसली.

“बी चांगलं नव्हतं, गुनवंता?”

“चाचणीच्या वाफ्यातलं होतं,” मी म्हणालो. “मुद्दाम रोग लावून पाहतात, कोनता वेल टिकते ते. तिथलं फळ बाहेर नेऊ नका, अशी पाटी होती. मले ते फळ फार गोड लागलं.”

“मले ठाऊक होतं. पाटीचं नाही. बीचं.” तिने पहिल्या वेलाच्या बुडाशी वाळू मोकळी केली. “पाहाय, अन् मी ते बी मथळ्याले लावलं. जिथून हात सुरू होते तिथं. दुसरीकडं कुठं लावलं असतं त कदाचित इतकं गेलं नसतं.”

“मग तू काहून नाही सांगतलं? दौलतभाऊनं विचारलं तवा?”

“तुले विचारलं होतं त्यानं,” ती म्हणाली. “अन् तुह्यं आनलेलं बी वाईट हाये म्हटलं असतं, त तुह्यं सांगनंही वाईट झालं असतं. दूध कोनं लावलं असतं मंग? त्या दोन वाड्या कशानं वाचल्या असत्या? माहा हात त असाही गेला होता.”

तिने वेल उपटला. मुळे पांढरी, लांब, ओलसर होती आणि त्यांना अजून वाळूचे कण धरून होते. पाचही वेल तिने एकेक करून काढले, फळांसकट. मग कमरेची पिशवी उघडून कागदाची एक चुरगळलेली पुडी माझ्यापुढे धरली. उरलेल्या बिया.

“हेही जाळ. कोनाच्या हाती लागलं त विचारतीन. कागदावर काही लिहेलं हाये पाहाय. तुह्या कामाचं असन.”

पुडीवर पुरवणीतली एक कविता होती. मी ती न वाचता जाळली.

*

खालच्या दोन वाड्या तरल्या. एप्रिलमध्ये दौलतभाऊने आणि शेषरावभाऊने आपली फळे नऊ घरांत वाटून दिली. आमच्या दारात शेषरावभाऊ डांगरांची टोपली ठेवून गेला आणि म्हणाला, “अडानी फळं हायेत, गोड मानून घ्या.” मोठाई हसली. जूनमध्ये पूर आला आणि सगळी वाळू घेऊन गेला.

दिवाळीनंतर नव्या वाळूवर नव्या वाड्या पडल्या. खुडणीचे दिवस आले आणि आमच्या झोपडीपुढे कोणी आले नाही. मोठाई पहाटे उठली, अंघोळ करून झोपडीच्या दारात बसली. नख तिने वाढवले नव्हते. हात पदराखाली होते. ते मला वर्षभर दिसत आले होते. जेवताना, पाणी भरताना ते बाहेर येत आणि काम होताच पुन्हा आत जात.

मी दौलतभाऊच्या वाडीत गेलो; यंदा सर्वांत वरची वाडी त्याची होती. माणसे जमली होती, गंजात दूध होते. मागच्या वर्षीचे तीन शब्द मी तिथे उच्चारले. “बी माहं होतं.” मग बाकीचेही सांगितले: पाटी, फळ, मथळ्याची जागा, तिने सगळे ठाऊक असून का सांगितले नाही ते. यावेळी मी चांगले बोललो नाही.

मग बाजेवरून भागामाय म्हणाली, “म्हनजे बाईचा हात साजरा होता.” आणि जरा वेळाने, मुलाकडे न पाहता, “मंग बसला काहून? जा, आन तिले.”

दौलतभाऊ स्वतः गेला. त्याच्या मागून सवाष्णी गेल्या. मोठाई आली; पुढे ती, मागे बाकीच्या. मला वाटले होते की ती कुडाशी थांबेल. ती आत आली, वरच्या कोपऱ्यापर्यंत गेली, दुधाचा गंज उचलून तिने दोन्ही हातांत धरला आणि माझ्यापुढे केला.

“यंदा गुनवंता खुडीन,” ती म्हणाली.

“बाई, तुमी—” दौलतभाऊ म्हणाला.

“गुनवंता खुडीन. नऊही वाड्या. आजपासून त्याचं काम.”

मी बोटे दुधात बुडवली. ते थंड होते. वाकून पहिल्या वेलाचा शेंडा दोन बोटांत धरला. त्याच्या टोकाशी लव होती. मी घाईने नख टेकवले. ती माझ्या कानाशी आली.

“हळू,” मोठाई म्हणाली. “शेंड्याले समजलं नाही पाहिजे.”

आता ती नाही. दरवर्षी जानेवारीत मी शहरातून रजा काढून येतो आणि वरून खाली नऊ वाड्या चालत जातो. गंज तोच आहे. वेलागणिक बोटे बुडवतो, शेंडा धरतो, नख टेकवतो आणि खुडण्यापूर्वी श्वासभर थांबतो. लोकांना वाटते, मी मोजतो आहे.